आजन्म म्हणजे नेमकी किती वर्षं?

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ,
वानखेडे स्टेडियम, मुंबई

अध्यक्ष महोदय,


मध्यंतरी एका रविवारी सराव संपला होता. पोरं स्टंप गोळा करत होती, मी नेटच्या दोऱ्या सोडवत होतो. आमच्यातला एक ऑफस्पिनर, वय चौदा, माझ्याजवळ येऊन घुटमळला. आदल्या रात्री तो मोठ्या भावाबरोबर टेनिस बॉलची नाइट टूर्नामेंट बघायला गेला होता. तिथे सीमारेषेला चिकटून बसलेल्या एका माणसाने म्हणे बोलरला हाक मारून सांगितलं, "पुढचा वाइड टाक, पाचशे देतो." बोलर हसला, आणि पुढचा बॉल खरंच वाइड गेला. मॅच मात्र त्याच्याच संघाने जिंकली.

"सर," पोराने विचारलं, "मॅच तर जिंकलीच. मग त्यात कुणाचं काय गेलं?"

मी घाईत होतो. म्हणालो, "असलं काही करताना पकडला गेलास तर आयुष्यभर मैदानात पाय ठेवता येणार नाही." पोरगं गप्प झालं. पुढच्या रविवारी मोबाइलवर शोधाशोध करून परत आलं. "सर, पण श्रीसंत तर परत खेळला ना?"

हे पत्र त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. पहिल्याचं उत्तर मी शेवटी माझ्या कुवतीप्रमाणे देणार आहे. दुसऱ्याचं उत्तर आपण द्यायचं आहे, कारण 'आजन्म' हा शब्द आपल्या मंडळाने उच्चारला होता.

मी कुणी माजी रणजीपटू नाही. एका खासगी कंपनीत हिशेब बघतो आणि रविवारी कोपरखैरण्यातल्या पोरांना बॉलची शिवण कशी धरायची ते दाखवतो. वडील कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. बाजार मुंबईतून वाशीला आला, तशी आमच्यासारखी सातारा-सांगलीकडची घरं त्याच्या मागोमाग कोपरखैरणे-घणसोलीत आली. बैठ्या घरांवर पुढे मजले चढले, गल्ल्या अरुंद झाल्या, आणि पोरांचं क्रिकेट उरलेल्या एका मोकळ्या तुकड्यावर गोळा झालं. शेजारी घणसोलीत रिलायन्सचं हिरवंगार मैदान आहे, तिथे मुंबई इंडियन्स सराव करतात. आठ-दहा किलोमीटरवर नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम आहे, तिथे १ जून २००८ ला आयपीएलचा पहिला अंतिम सामना झाला आणि शेन वॉर्नच्या राजस्थान रॉयल्सने तो शेवटच्या चेंडूवर जिंकला. आमची पोरं या दोन मैदानांच्या मधल्या जागेत वाढतात. लोकलच्या लगेज डब्यात किटबॅग टाकून पहाटे वाशीला किंवा ठाण्याला गाडी बदलतात आणि दादरला, आझाद मैदानाला नेट गाठतात.

त्याच राजस्थान रॉयल्सचे तीन खेळाडू पाच वर्षांनी, १६ मे २०१३ ला, दिल्ली पोलिसांनी मुंबईत पकडले. श्रीसंत, अजित चंडिला आणि आपला अंकित चव्हाण. श्रीसंत दोन विश्वचषक जिंकलेल्या संघांतला. चव्हाण २७ वर्षांचा, मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज. रणजीच्या एका डावात २३ धावांत ९ बळी ही त्याची ओळख. अटकेच्या आदल्या रात्रीच तो वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्ध खेळला होता. पोलिसांचं म्हणणं असं होतं की, त्याने एका षटकात ठरवून १३ किंवा जास्त धावा द्यायच्या, त्याआधी मनगटावरचा बँड फिरवून इशारा करायचा, आणि या षटकासाठी ६० लाख ठरले होते. चंडिलाबद्दल तर पोलिसांनी सांगितलं की त्याने कबूल केल्याप्रमाणे धावा दिल्या, पण इशारा करायलाच विसरला, म्हणून त्याला आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागले.

या आकड्यांकडे हिशेबनिसाच्या नजरेने एकदा बघू. २०१३ पर्यंत भारताकडून न खेळलेल्या खेळाडूंचा आयपीएलमध्ये लिलावच होत नसे. किती मोसम खेळलाय त्याप्रमाणे १०, २० किंवा ३० लाख अशा ठरलेल्या पायऱ्या होत्या. म्हणजे पोलिसांचा आकडा खरा धरला, तर सहा चेंडूंचा भाव वरच्या पायरीवरच्या खेळाडूच्या अख्ख्या मोसमाच्या दुप्पट होता. चव्हाणचं लग्न २ जूनला ठरलेलं होतं. तात्पुरत्या जामिनावर बाहेर येऊन त्याने ते केलं.

१३ सप्टेंबर २०१३ ला आपल्या शिस्तपालन समितीने श्रीसंत आणि चव्हाण यांच्यावर आजन्म बंदी घातली. याच प्रकरणात अमित सिंगला पाच वर्षं, सिद्धार्थ त्रिवेदीला एक वर्ष. चंडिलाचा निकाल जानेवारी २०१६ मध्ये लागला, तोही आजन्म. त्याच निकालात मुंबईचा फलंदाज हिकेन शाह याला सहकाऱ्याला गळाला लावायचा प्रयत्न केल्याबद्दल पाच वर्षं मिळाली.

आता पुढचा हिशेब. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने श्रीसंत, चंडिला आणि चव्हाण यांना फौजदारी खटल्यातून मुक्त केलं. पोलिसांनी त्यांच्यावर मकोका लावला होता. टोळ्यांच्या संघटित गुन्हेगारीसाठी १९९९ मध्ये महाराष्ट्राने केलेला हा कायदा इथे टिकला नाही. मंडळाची बंदी मात्र कायम राहिली, आणि ते मला चूक वाटत नाही. तुरुंगात घालण्याइतका पुरावा नसला तरी संघाबाहेर ठेवण्याइतका असू शकतो. श्रीसंत केरळ उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषी धरणारा मंडळाचा निष्कर्ष तसाच ठेवला, पण आजन्म बंदी रद्द केली आणि शिक्षा किती द्यायची याचा फेरविचार करा, असं मंडळाला सांगितलं. कारण साधं होतं. गुन्हा कशामुळे गंभीर ठरतो आणि कशामुळे सौम्य, हे समितीने तोललंच नव्हतं. त्या ऑगस्टमध्ये मंडळाचे लोकपाल न्या. डी. के. जैन यांनी सात वर्षं ठरवली. जानेवारी २०२१ मध्ये श्रीसंत केरळकडून सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत उतरला तो वानखेडेवर, म्हणजे आपल्या कार्यालयाच्या खिडकीखाली.

चव्हाणचं काय झालं? त्याचीही बंदी सात वर्षांवर आली, पण ते २०२१ मध्ये. जूनमध्ये त्याला खेळायची मोकळीक मिळाली, तेव्हा हिशेबाप्रमाणे त्याची सात वर्षं संपून नऊ महिने झाले होते. चंडिलाची शिक्षा त्याच्याही नंतर सात वर्षांवर आणली गेली.

अध्यक्ष महोदय, एकाच दिवशी, एकाच बैठकीत, एकाच शब्दात दोघांना शिक्षा होते. एकाला २०१९ मध्ये दिलासा मिळतो आणि दुसऱ्याला दोन वर्षांनी. मला त्यात एकच फरक दिसतो. एकाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत धडक मारली. म्हणजे आपल्याकडे 'आजन्म' या शब्दाची लांबी गुन्ह्यावर ठरली नाही, वकिलाच्या दमावर ठरली. आमच्या चौदा वर्षांच्या ऑफस्पिनरने मोबाइलवर जे बघितलं ते हेच. बोलायचं आजन्म आणि मोजायची सात वर्षं, तीही ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. अशा शब्दाला पोरं घाबरत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदा चुकलेल्या तरुण खेळाडूला आजन्म बंदी नको. त्याला वर्षं मोजून द्या आणि त्यातला एक दिवसही सोडू नका. 'आजन्म' हा शब्द त्याला जाळ्यात ओढणाऱ्यासाठी राखून ठेवा, आणि तो मात्र खरोखर आजन्म पाळा.

याला विरोध आहे. तो मी रोज ऐकतो आणि तो हलका नाही. आमच्या मैदानावर माझ्याबरोबर एक गृहस्थ शिकवतात, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. उमेदीची वीस वर्षं त्यांनी क्लब क्रिकेटमध्ये घातली, मुंबईच्या संभाव्य खेळाडूंत एकदा नाव आलं, पुढे काही झालं नाही. ते म्हणतात, "संघात एकच डावखुरा स्पिनर खेळतो. तो खेळतो तेव्हा दुसरे चार जण कांगा लीगच्या चिखलात बॉल टाकत त्याची जागा रिकामी व्हायची वाट बघत असतात. त्या चौघांची जागा याने विकली. परत कशाला द्यायची? सहानुभूती दाखवायचीच असेल तर त्या चौघांना दाखवा."

यावर माझ्याकडे चटकन देण्यासारखं उत्तर नाही. तशात माझे वडील आठवतात. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन ते दिवसभर ट्रक ते गाळा, गाळा ते ट्रक करायचे. गोणी फाटली की कांदे वाटेत पसरायचे. घरी आई कधी तरी म्हणायची, "त्यातले चार आणले असते तर कुणाला कळलं असतं?" वडील एवढंच म्हणायचे, "पाठीवरचा माल आपला नसतो." सगळं आयुष्य त्यांनी कांदे वाहिले आणि घरातला कांदा विकत आणला. त्यामुळे पोरगं गरीब घरचं होतं, मोहात पडलं, ही सबब माझ्यापुढे चालत नाही. गरिबीने चोरी होते असं म्हणणं म्हणजे कोपरखैरण्यातल्या हजारो माथाडींचा अपमान आहे. आणि पैशाची चणचण हे कारण आता वरच्या पातळीवर उरलेलंही नाही. २०२१ पासून रणजी खेळणाऱ्याला अनुभवाप्रमाणे दिवसाला ४० ते ६० हजार मिळतात.

तरीही मी अण्णांशी पूर्ण सहमत होत नाही, आणि त्याचं कारणही बाजारातलंच आहे. गोणी वजनात कमी भरली की मुकादम आधी बघायचा, ती भरली कुणी, शिवली कुणी, काट्यावर कोण उभा होता. नुसता हमाल हाकलला तर दुसऱ्या दिवशीही गोण्या कमीच भरायच्या. फिक्सिंगच्या धंद्यात खेळाडू हा माल वाहणारा आहे. गुन्हेगार आहेच, पण काटा त्याच्या हातात नसतो.

या काट्याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण आपल्या नागपुरात घडलं. १९ मार्च २००० ला दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने सामन्याआधी आपल्याच दोन खेळाडूंपुढे प्रत्येकी १५ हजार डॉलरचा प्रस्ताव ठेवला. हर्शेल गिब्जने २० च्या आत बाद व्हायचं, हेन्री विल्यम्सने ५० च्या वर धावा द्यायच्या. दोघेही हो म्हणाले. मैदानात उतरल्यावर गिब्जने ५३ चेंडूंत ७४ धावा ठोकल्या आणि विल्यम्स ११ चेंडू टाकून खांदा दुखावल्याने बाहेर गेला. म्हणजे ठरलं, पण घडलं नाही. दोघांना सहा महिन्यांची बंदी मिळाली आणि क्रोनिएला आजन्म. त्या गिब्जनेच २००६ मध्ये जोहान्सबर्गला ऑस्ट्रेलियाच्या ४३४ धावांचा पाठलाग करताना १७५ काढल्या. त्या दिवशी कुणाला वाटलं नाही की हा माणूस मैदानात नको होता. कर्णधाराने विचारल्यावर नाही म्हणणं किती जड असतं, हे ज्याने कधी ड्रेसिंग रूममध्ये बारावा खेळाडू म्हणून पाणी नेलंय, त्याला सांगावं लागत नाही.

दुसरं उदाहरण आपल्याला जास्त दुखतं. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सवर मोहम्मद आमिरने पैशासाठी नो बॉल टाकले. वय अठरा. कर्णधार सलमान बट त्यात होता, मोहम्मद आसिफ होता. इंग्लंडमध्ये तिघांनाही तुरुंगवास झाला. आयसीसीने बटला दहा वर्षं, आसिफला सात आणि आमिरला पाच वर्षं दिली. बट आणि आसिफच्या शिक्षेतला काही भाग स्थगित होता. आमिर परत आला आणि १८ जून २०१७ ला ओव्हलवर चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने रोहित शर्मा, विराट कोहली आणि शिखर धवन असे आपले पहिले तिघे काढले. रोहित शून्यावर पायचीत झाला, तेव्हा आमच्या सोसायटीच्या गच्चीवर लावलेल्या पडद्यासमोर कुणी तरी ओरडलं, "ह्याला आजन्म का नाही बाहेर ठेवला?" मीही तेव्हा मनातून हेच म्हणालो होतो. रात्री घरी आल्यावर विचार केला. हा राग न्यायाचा होता की विकेट गेल्याचा?

तिसरं उदाहरण कमी लोकांना माहीत आहे आणि मला तेच सगळ्यांत कामाचं वाटतं. इसेक्स काउंटीचा मर्व्हिन वेस्टफिल्ड. २००९ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याने ६ हजार पौंड घेऊन एका षटकात ठरवून धावा द्यायचं कबूल केलं. चार महिन्यांची कैद झाली आणि पाच वर्षांची बंदी. त्याने पुढे चौकशीत आपल्याला या फंदात पाडणाऱ्याचं नाव सांगितलं. तो संघातला ज्येष्ठ, पाकिस्तानचा कसोटी लेगस्पिनर दानिश कनेरिया होता. कनेरियाला आजन्म बंदी मिळाली. कनेरिया बरीच वर्षं नाकारत राहिला आणि शेवटी २०१८ मध्ये त्याने कबुली दिली. वेस्टफिल्ड दरम्यानच्या काळात इंग्लंडच्या तरुण व्यावसायिक खेळाडूंपुढे आपली गोष्ट सांगत होता.

इथे आजन्म बंदीचा खरा तोटा दिसतो. ज्याचं सगळंच गेलं, तो तोंड कशाला उघडेल? परतीची वाट दिसत असली तर माणूस बोलतो आणि त्याच्या बोलण्यातून वरचा माणूस सापडतो. दार कायमचं लावलं की तो गप्प बसतो, आणि पुढच्या मोसमात तोच वरचा माणूस दुसऱ्या पोराच्या खांद्यावर हात टाकतो.

हा हात कसा पडतो ते मी जवळून बघितलंय, म्हणून सांगतो. आमच्या भागात हिवाळ्यात टेनिस बॉलच्या टूर्नामेंटचा मोसम असतो. रात्री फ्लडलाइट, बाजूला मंडप, बक्षिसाची मोटारसायकल स्टेजवर फुलांच्या माळा घालून उभी, माइकवर अर्ध्या आगरी, अर्ध्या हिंदी ढंगाची कॉमेंट्री, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. खेळ झकास असतो. पण कोपऱ्यात पाच-सहा जण मोबाइल हातात धरून खाली मान घालून बसलेले दिसतात. पुढच्या षटकात किती, पुढच्या चेंडूला काय, असे भाव चालतात. पोरांच्या तोंडी 'सेशन', 'लगाई', 'खाई' हे सट्ट्याचे शब्द गणिताच्या पाढ्यांइतके सहज येतात. यातलाच एखादा एका चांगल्या बोलरला आधी बूट देतो. पुढच्या महिन्यात बॅट येते. मग वडिलांच्या दवाखान्याचं बिल भरलं जातं. पैसे कुणी मागत नाही. मग एक दिवस तो म्हणतो, "एकच वाइड, मित्रा. मॅच तर तूच जिंकणार आहेस." या क्षणाला पोराच्या मनात लोभापेक्षा उपकाराचं ओझं जास्त असतं. त्या ओझ्याखाली 'नाही' हा शब्द कसा म्हणायचा, हे त्याला आधी कुणीच शिकवलेलं नसतं.

आणि शिकवणारे आम्हीही स्वच्छ नाही. ऑगस्ट २०२५ पर्यंत भारतीय संघाच्या छातीवर ड्रीम इलेव्हनचं नाव होतं. तो कौशल्याचा खेळ की जुगार, हा वाद न्यायालयांत झाला, तो बाजूला ठेवू. पण आमची पोरं ती निळी जर्सी घालून सरावाला यायची आणि मी त्यांना सट्टा वाईट असतो म्हणून सांगायचो. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला तेव्हा ते नाव छातीवरून गेलं. ते काढायची इच्छा मंडळाला त्याआधी झाली नव्हती.

वरच्या मजल्याचा हिशेब तर झालाच नाही. २०१३ च्याच आयपीएल प्रकरणावरच्या न्या. मुद्गल समितीच्या अहवालानंतर न्या. लोढा समितीने १४ जुलै २०१५ ला गुरुनाथ मय्यप्पन आणि राज कुंद्रा यांना क्रिकेटपासून आजन्म दूर ठेवलं, ते योग्यच झालं. पण त्यांचे दोन्ही संघ, चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स, दोन वर्षांची बंदी भोगून परत आले. चेन्नईने तर परत आल्या आल्या, २०१८ मध्येच, करंडक जिंकला आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुद्गल समितीने सर्वोच्च न्यायालयाला एक बंद पाकीट दिलं होतं, त्यात १३ नावं होती. ती सगळी नावं आम्हाला आजही ठाऊक नाहीत. संघाला दोन वर्षं, पाकिटातल्यांना अंधार आणि गोलंदाजाला आजन्म, असं हे माप होतं. कायद्याच्या बाजूलाही तीच गत आहे. विधी आयोगाने जुलै २०१८ च्या आपल्या २७६ व्या अहवालात मॅच फिक्सिंग हा स्वतंत्र फौजदारी गुन्हा करावा अशी शिफारस केली. तो कायदा अजून झालेला नाही. २०१३ मध्येही तो नव्हता, म्हणूनच पोलिसांना टोळ्यांसाठी केलेल्या मकोकाची कुऱ्हाड उचलावी लागली, आणि ती बोथट निघाली.

अध्यक्ष महोदय, नुसती तक्रार करून थांबणं मला जमत नाही, म्हणून मागणं मांडतो.

पहिलं. आपल्या संहितेत फिक्सिंगला पाच वर्षांपासून आजन्मापर्यंत शिक्षा आहे. या दोन टोकांच्या मधल्या पायऱ्या लिहून काढा. विचारणा झाली आणि लपवली, त्याला दोन वर्षं. तेवीसच्या आतला खेळाडू पहिल्यांदा फसला आणि स्वतःहून येऊन बोलला, त्याला पाच. पकडला गेला आणि खोटं बोलत राहिला, त्याला दहा. दुसऱ्यांदा सापडला, किंवा कर्णधार, प्रशिक्षक, ज्येष्ठ, मालक या नात्याने दुसऱ्याला ओढलं, त्याला आजन्म. चव्हाण २७ वर्षांचा होता, त्याला पोर म्हणून सोडा असं मी म्हणत नाही. पण सात वर्षं संपली तेव्हा तो ३४ चा झाला होता, आणि डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची भरातली सगळी वर्षं त्यात गेली. ही शिक्षा पुरेशी कठोर होती. ती पहिल्याच दिवशी सात वर्षं म्हणून सांगितली असती, तर ती न्यायाची वाटली असती. जवळजवळ आठ वर्षांनी दिली, तेव्हा ती मेहेरबानी वाटली.

दुसरं. एकाच प्रकरणातल्या एकाची शिक्षा कमी झाली, तर बाकीच्यांची फाइल त्याच आठवड्यात आपणहून उघडा. न्याय मिळवायला सर्वोच्च न्यायालयाचं तिकीट लागू नये.

तिसरं. भ्रष्टाचारविरोधी शिकवणी आयपीएलच्या हॉटेलात सुरू होते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. ती सोळा वर्षांखालच्या निवड चाचणीत, जिल्हा संघटनांच्या शिबिरात, पोरांच्या भाषेत द्या. मराठीत द्या. बूट कोण देतो, बॅट कोण देतो, त्याला नको कसं म्हणायचं आणि कुणाला कळवायचं, एवढंच शिकवा. २०१५ मध्ये मुंबईच्या एका खेळाडूला त्याच्याच सहकाऱ्याने विचारलं, तेव्हा त्याने ते लगेच कळवलं आणि म्हणूनच ते प्रकरण उघड झालं. ही गोष्ट किती पोरांना माहीत आहे? बंदीच्या बातम्या पहिल्या पानावर छापून येतात. नाही म्हणणाऱ्याची पाठही तेवढ्याच मोठ्याने थोपटा.

चौथं. बंदी भोगून परत येणाऱ्याला थेट मैदानात सोडू नका. आधी त्याला पोरांसमोर उभं करा. त्याने सांगावं, पहिला फोन कुणाचा आला, पहिली भेटवस्तू काय होती, आणि त्या रात्री झोप लागली का. माझ्या शंभर व्याख्यानांपेक्षा त्याची दहा मिनिटं पोरांना जास्त काळ लक्षात राहतील.

अण्णांना मी हे पत्र वाचून दाखवलं. त्यांचं मत बदललं नाही. पण शेवटी ते म्हणाले, "पाच तर पाच. पण ती पाच म्हणजे पाचच असू देत." आमच्या दोघांचं एवढ्यावर जमलं आहे. आपलंही जमावं.

आणि त्या पोराचा पहिला प्रश्न, मॅच जिंकली तर कुणाचं काय गेलं. येत्या रविवारी मी त्याला त्याच्या आजोबांच्या वयाच्या एका माणसाबद्दल सांगणार आहे, जो पन्नास किलोच्या गोणीतून सांडलेला कांदाही घरी आणत नव्हता. कारण पाठीवरचा माल आपला नसतो. षटक टाकायला तुझ्या हातात बॉल दिला, म्हणून तो तुझा झाला नाही. तो दहा सहकाऱ्यांचा असतो, तुझी जागा रिकामी व्हायची वाट बघणाऱ्या चौघांचा असतो, आणि कठड्यावर पाय सोडून बसलेल्या बघ्याचाही असतो. वाइड टाकणाऱ्याने दुसऱ्याचा माल विकलेला असतो.

एवढं मी त्याला सांगेन. "पकडला गेलो तर काय?" असं त्याने विचारलं, तर त्याचं उत्तर आपल्याकडून यायला हवं, आणि ते सगळ्यांना सारखं हवं. 'आजन्म' लिहायचं असेल तर आजन्म पाळा. पाळायचं नसेल, तर वर्षांचा आकडा लिहा.

आपला,
रविवारचा एक प्रशिक्षक
कोपरखैरणे, नवी मुंबई